दुर्बिणीनं पित्ताची पिशवी काढली : डॉक्टरांच्या हाताला पाच स्टार, बिलाच्या खिडकीला दीड

हॉस्पिटलचं नाव टाकत नाही, आधीच सांगतो. पुढं जे लिहिणार आहे त्यात बिलाच्या खिडकीवरच्या पोरीचा विषय येतो, आणि तिची काही चूक नाही, उगाच तिची नोकरी जायची. बेळगावातलं मध्यम साइजचं खाजगी हॉस्पिटल, एवढं पुरे. बाहेर मोठा बोर्ड आहे, "दुर्बिणीद्वारे पित्ताशय शस्त्रक्रिया, एका दिवसात घरी". आम्ही सोमवारी गेलो आणि शनिवारी रात्री घरी आलो. म्हणजे बोर्ड खोटा आहे असं नाही हं, का ते सांगतो.

पेशंट माझी बायको, वय ४१. अडीच-तीन वर्षं तिला "पित्त" होतं. आता आपल्या मराठीत हीच तर गोची आहे बगा, छातीत जळजळलं तरी पित्त, डोकं दुखलं तरी पित्त, अंगावर गांध्या उठल्या तरी पित्तच, त्यामुळं खरं पित्ताच्या पिशवीचं दुखणं आलं तर ते ओळखायचं कुणी? लग्नात जेवून आलं की रात्री दीड-दोनला उठून बसायची, उजव्या बरगडीखाली दाबून धरायची, मागं पाठीत दोन फऱ्यांच्या मधे दुखायलंय म्हणायची, उलटी झाली की जरा बरं. मेडिकलमधून गॅसची गोळी आणायची, कोकम प्यायचं, सकाळी सगळं विसरायचं. शेजारच्या काकूंनी पानफुटीची पानं खायला सांगितली, कुणी कुळथाचं पाणी सांगितलं. नंतर कळलं की हे सगळं लोक मूतखड्यावर करतात, आणि मूतखडा वेगळा आणि पित्ताचा खडा वेगळा, किडनीतला बारका खडा पाणी पिऊन लघवीवाटे जाऊ शकतो पण पित्ताच्या पिशवीतला खडा कुळथाला ऐकत नाही. तो निसटला तर उलट पंचाईत होते, आमची झाली तशी.

खानापूरला चुलत मेव्हण्याचं लग्न होतं, तिथं जेवून आलो आणि दुसऱ्या दिवशी तिचे डोळे पिवळे दिसले. लघवीपण चहासारखी. शहापुरातल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांनी बरगडीखाली बोटं दाबून "मोठा श्वास घ्या" म्हटलं आणि तिचा श्वास मधेच अडकला, तेवढ्यावरच ते म्हणाले, पित्त नाही हे, पिशवी आहे, उद्या सकाळी उपाशीपोटी सोनोग्राफी करा. सहा तास काही खायचं नाही. आपण खाल्लं की पिशवी आकसून रिकामी होते, मग आतले खडे नीट दिसत नाहीत. रिपोर्टमध्ये भरपूर खडे, मोठ्यात मोठा ९ एमएम, आणि खाली एक ओळ की मुख्य पित्तनळी फुगलेली आहे. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळ दाखवणारा आकडा, ४ च्या वर. नॉर्मल एकच्या आसपास असतं.

आता सर्जनबद्दल. मी उद्यमबागेत लेथ आणि दोन सीएनसी मशीनवर लोखंडाचं जॉबवर्क करतो, त्यामुळं माणूस काम कसं करतो हे बघायची मला खोड आहे. डॉक्टरांची मातृभाषा कन्नड, पण मराठी आपल्या बेळगावची, "अक्का, घाबरू नका, सांगतो की" अशी. एक्स-रेच्या रिकाम्या पाकिटावर पेन्सिलनं लिव्हर काढलं, त्यातून निघणारी नळी काढली, आणि नळीला लोंबणारी पिशवी, लहान वांग्यासारखी. म्हणाले लिव्हर दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त करतं, ही पिशवी फक्त गोडाऊन आहे, तीस-पन्नास एमएल घट्ट करून ठेवायचं आणि तेलकट आलं की सोडायचं. गोडाऊन काढलं तरी फॅक्टरी चालू राहते. बायकोचा पहिला प्रश्न होता की पिशवी काढली तर पचणार कसं, त्याचं उत्तर तिला एका वाक्यात मिळालं. मग पेन्सिलीचं टोक नळीवर ठेवून म्हणाले, पण तुमचा एक खडा पिशवीतून निघून इथं मेन लाइनमध्ये अडकलाय असं वाटतंय, म्हणून कावीळ. नुसती पिशवी काढून भागणार नाही, आधी ही लाइन मोकळी करायला पाहिजे, नाहीतर इन्फेक्शन होईल किंवा स्वादुपिंडाला सूज येईल, आणि ती सूज वाईट असते.

म्हणजे "एका दिवसात घरी" हा बोर्ड साध्या केससाठी आहे. ज्याचे खडे फक्त पिशवीत आहेत तो खरंच आज अॅडमिट होऊन उद्या घरी जातो, आमच्या शेजारच्या बेडवरचा येळ्ळूरचा पोरगा तसा गेला. आमचं दोन टप्प्यांचं काम होतं. हे त्यांनी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं, याला मी सगळ्यात जास्त मार्क देतो. आमच्या धंद्यात जॉब मशीनवर चढल्यावर गिऱ्हाइकाला फोन करून "अजून एक ऑपरेशन लागणार, रेट वाढणार" म्हणणारे ढीगभर आहेत.

सोमवारी एमआरसीपी नावाचा एमआरआय झाला, त्यात खडा स्पष्ट दिसला. मंगळवारी ईआरसीपी. हे काम सर्जन करत नाहीत, पोटाचे दुसरे डॉक्टर येतात. तोंडातून दुर्बीण घालून जठराच्या पुढं आतड्यापर्यंत जातात, जिथं पित्तनळीचं तोंड उघडतं तिथं बारीक कट देतात आणि बलून आत घालून, फुगवून, खडा ओढून खाली पाडतात. भूल पूर्ण नव्हती, झोपेचं इंजेक्शन. नंतर नळीत एक प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे बारकी पोकळ नळी, ठेवला, पित्त वाहतं राहावं म्हणून. या स्टेंटचं नाव लक्षात ठेवा, पुढं भांडण त्याच्यावरूनच आहे. ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते हे सही घेतानाच सांगितलं होतं, म्हणून रात्रभर पाणी बंद आणि सकाळी परत रक्त तपासलं. पोटात थोडं दुखलं, बाकी निभावलं.

सहीवरून आठवलं. कन्सेंट फॉर्म कन्नड आणि इंग्लिशमध्ये, मराठी नाही. मला कन्नड बोलता येतं, वाचता येतं पण अडखळत, आणि इंग्लिशमधलं डॉक्टरी इंग्लिश कुणाला येतंय? सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो सुटेल तेव्हा सुटेल, पण एका पानाचं मराठी भाषांतर करून ठेवायला कोर्टाची गरज नाही. मात्र ड्युटीवरची सिस्टर, गोकाककडची, तिनं प्रत्येक ओळीवर बोट ठेवून मोडक्यातोडक्या मराठीत समजावलं, "ह्यात लिहिलंय की दुर्बिणीनं जमलं नाही तर पोट उघडणार, चालतंय का?" अर्धा तास बसली ती. तिला दहा पैकी दहा.

आणि ही पोट उघडायची ओळ वाचून घाबरू नका. चिकटलेलं असेल, रक्त यायला लागलं, नळ्या ओळखू येईनात, तर सर्जननं उघडून करायचं हेच शहाणपण आहे. हार मानली असा त्याचा अर्थ नाही. माझ्या आत्याचं १९८९ ला मिरजेत उघडूनच झालं होतं, त्या काळात आमच्याकडं मोठं दुखणं म्हटलं की मिरज. बरगडीखाली वीतभर तिरका व्रण आहे तिच्या, दहा दिवस तिथं, नंतर दोन महिने बादली उचलायची नाही. आत्या बायकोला भेटायला आली तर पोटावरच्या चार पट्ट्या बघून म्हणाली, "एवढंच? खरंच काढली ना पिशवी?"

गुरुवारी मेन ऑपरेशन. सकाळी आठला आत, साडेदहाला बाहेर, त्यात खरं काम तासाभराचंच, बाकी भूल आणि शुद्धीवर आणणं. मी बाहेर बाकड्यावर बसून मोबाइलवर वाचत होतो, आणि माझ्यासारख्या माणसाला यात लई गंमत वाटली. चार भोकं, दोन १० एमएमची आणि दोन ५ एमएमची, एकदम आमचे ड्रिल साइज! बेंबीतून कॅमेरा, वरच्या भोकातून मेन हत्यार, बाजूच्या दोन भोकांतून पिशवी धरून ओढायची. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, म्हणजे तंबूसारखं पोट वर उठतं आणि हत्यार चालवायला जागा होते. साधी हवा का नाही, तर हा गॅस पेट घेत नाही, आतमध्ये करंटनं जाळून कापायचं असतं ना, आणि उरलेला गॅस रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. प्रेशर फक्त १२ एमएम पाऱ्याचं. माझा कॉम्प्रेसर ७ बारला चालतो, त्याच्यापुढं हे म्हणजे फुंकर.

या सगळ्याच्या मागं जर्मनीतला एक डॉक्टर आहे, कुर्ट झेम, बायकांच्या आजारांचा डॉक्टर. गॅस मोजून आपोआप सोडणारं मशीन त्यानं बनवलं आणि १९८० ला दुर्बिणीनं अपेंडिक्स काढलं, तर त्याच्याच धंद्यातले लोक त्याच्या अंगावर आले. मग १९८५ ला एरिक म्यूए नावाच्या दुसऱ्या जर्मन सर्जननं स्वतःचं हत्यार डिझाइन करून पित्ताची पिशवी काढली, त्यालाही मोठ्या सर्जन लोकांनी हसूनच काढलं. भारतात पहिलं असं ऑपरेशन १९९० ला मुंबईत जे.जे. हॉस्पिटलात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी केलं, नंतर त्यांना पद्मभूषण मिळालं. म्हणजे आत्याच्या ऑपरेशननंतर एकच वर्ष! हे आत्याला सांगितलं तर म्हणाली, "माझं नशीबच तसलं."

ऑपरेशन झाल्यावर सर्जन स्वतः बाहेर आले, मास्क खाली करून, आणि स्टीलच्या ट्रेमध्ये पिशवी दाखवली. हिरवट-करडी, कापून उघडलेली, आत पिवळे-तपकिरी खडे, वाटाण्यासारखे काही, काही नुसते मोहरीएवढे. मी म्हटलं बारके तर काही करत नसतील, तर म्हणाले उलटं आहे, मोठा पिशवीतच बसतो, बारकाच निसटून नळीत जातो. मग मी विचारलं की तुम्ही कापायच्या आधी कसं ठरवता की ही नळी पिशवीची आणि ती मेन लाइनची? इथं माणूस खुलला. म्हणाले तोच तर खरा डाव आहे, सगळी चरबी साफ करून, पिशवीचा खालचा भाग लिव्हरपासून सोडवून, पिशवीत जाणाऱ्या दोनच गोष्टी उरल्या पाहिजेत, एक नळी आणि एक रक्तवाहिनी, तिसरं काही नाही, हे डोळ्यानं दिसल्याशिवाय क्लिप लावायची नाही. मेन लाइन चुकून कापली गेली तर पेशंटचं आयुष्यभराचं नुकसान. मेजर दोनदा, कट एकदा, आमच्या शॉपमध्ये पोरांना मी हेच शिकवतो. क्लिपा टायटॅनियमच्या, त्या आतच राहतात, गंजत नाहीत. टायटॅनियम मशीन करताना टूल कसं जळतं ते मला विचारा.

खडे मी एका बाटलीत मागून घेतले. घरी आल्यावर व्हर्नियरनं मोजले, सगळ्यात मोठा ९.२ एमएम. सोनोग्राफीवाल्यानं ९ लिहिलं होतं. पोट न उघडता एवढं अॅक्युरेट, मानलं. बायको म्हणाली, "अहो, तो व्हर्नियर परत कामावर वापरू नका." वापरला, स्पिरिटनं पुसून.

शुद्धीवर आल्यावर बायकोची पहिली तक्रार पोटाची नव्हती, उजव्या खांद्याची होती. मी घाबरलो, हार्टचं काही झालं की काय. सिस्टरनं सांगितलं, उरलेला गॅस वर छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याखाली जाऊन बसतो, पडद्याची आणि खांद्याची नस एकच, म्हणून खांदा दुखतो, चाललात की कमी होईल. संध्याकाळी लगेच उठवून चालवलं, रात्री नारळपाणी, दुसऱ्या दिवशी पेज आणि इडली. खांदा दोन दिवसात गेला. हे आधीच सांगितलं असतं तर माझं बीपी वाढलं नसतं, तेवढा अर्धा मार्क कट.

आता वाईट भाग. शनिवारी सकाळी दहाला डॉक्टर म्हणाले घरी जा. निघालो रात्री साडेआठला.

मेडिक्लेम आहे आमचा, २ वर्षं ७ महिने झाले घेऊन. पित्ताच्या खड्याला बहुतेक पॉलिसीत दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, तो आमचा संपला होता, म्हणून मी निवांत. पण अॅडमिशनच्या रात्री एका शिकाऊ डॉक्टरनं विचारलं, कधीपासून दुखतंय, बायको म्हणाली दोन-तीन वर्षं पित्त आहे, त्यानं केस पेपरवर लिहिलं "तीन वर्षांपासून पोटदुखी". झालं! इन्शुरन्सवाल्यांनी तेच धरलं, की पॉलिसीच्या आधीपासूनचा आजार आहे का. तिचं ते "पित्त" म्हणजे जळजळ धरून सगळंच होतं, खड्याचं निदान तर याच महिन्यात पहिल्यांदा झालं, पण कागदावर "तीन वर्षं" आलं की आलं. सर्जननी पत्र दिलं तेव्हा सुटलं, पण ते पत्र मागायला पाहिजे हे आम्हाला दुपारी तीनला कळलं, तोपर्यंत खिडकीवरची पोरगी फक्त "क्वेरी आलीय सर" एवढंच म्हणत होती. काय क्वेरी ते तिलाच सांगितलेलं नव्हतं, कारण मेल वरच्या मजल्यावर येतो आणि वरचा माणूस जेवायला गेलेला. मी पार्किंगमध्ये बसून वाचलं की विमा नियामकाचा २०२४ चा नियम आहे, डिस्चार्जचं फायनल अप्रूव्हल तीन तासात द्यायचं आणि उशीर झाला तर त्यामुळं वाढलेला हॉस्पिटलचा खर्च विमा कंपनीनं भरायचा. ते पोरीला दाखवलं. तिनं शांतपणे वाचलं आणि म्हणाली, "सर, हे मला पण पाहिजे, फोटो काढू का?"

पॅकेज ५५ हजार सांगितलं होतं ते नुसत्या पिशवीचं. एमआरसीपी, ईआरसीपी, स्टेंट, जादा दिवस धरून बिल एक लाख बावीस हजार झालं, ते ठीक, पहिल्या दिवशी अंदाज दिला होता. पण "नॉन-मेडिकल" म्हणून जे साडेसहा हजार आम्ही खिशातून भरले त्यात हातमोजे ४२ जोड! मी विचारलं, चार भोकांच्या कामाला ४२ जोड? उत्तर नाही. लाख भरून घेताना जो माणूस हसून बोलतो त्याला साडेसहा हजाराचा हिशेब विचारला की कन्नडशिवाय दुसरी भाषा येत नाही, हा एक चमत्कार.

रेशन कार्डवाल्यांसाठी एक सांगतो, हे त्या येळ्ळूरच्या पोराच्या वडिलांकडून कळलं. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला कुटुंबामागं पाच लाखापर्यंतचा उपचार मिळतो, पण बऱ्याच आजारांना आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते, डायरेक्ट खाजगीत गेलात तर अडकता. त्यांनी आधी बीम्सला, म्हणजे बेळगावच्या सरकारी हॉस्पिटलात, दाखवलं, मग चिठ्ठी घेऊन आले. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये ८६५ सीमागावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली तेव्हा किती रान उठलं ते आठवत असेल सगळ्यांना. ते काका म्हणाले, "दोन सरकारं भांडालेत आमच्यासाठी, आणि झेरॉक्सला पैसे आमचेच."

आता तो स्टेंट. डिस्चार्ज कार्डावर औषधांची यादी, टाके कधी, काय खायचं, सगळं मोठ्या अक्षरात. आणि सगळ्यात खाली इंग्लिशमध्ये बारीक ओळ, स्टेंट रिमूव्हल चार ते सहा आठवड्यांनी. तोंडानं कुणी काही सांगितलं नाही, कारण सर्जनना वाटलं पोटाचे डॉक्टर सांगतील, आणि ते तर फक्त मंगळवारी येऊन गेलेले. माझा मेव्हणा निपाणीत मेडिकल चालवतो, त्यानं कार्डाचा फोटो बघून फोन केला म्हणून कळलं. प्लास्टिकचा स्टेंट आत महिनोन् महिने राहिला की गाळ साचून बंद होतो, मग ताप, थंडी, परत कावीळ. तो आपोआप विरघळत नाही! तब्येत बरी आहे म्हणून लोक परत येतच नाहीत, असं मेव्हणा म्हणाला. एवढी महत्त्वाची गोष्ट आणि तिला एक ओळ, आणि हातमोज्यांना बिलात सहा ओळी. माझे दोन स्टार इथंच गेले.

पाचव्या आठवड्यात जाऊन काढून आणला. परत तोंडातून दुर्बीण, दहा मिनिटांचं काम, दुपारी घरी. जाताना मी सर्जनना भेटून स्टेंटच्या ओळीचं सांगितलं, त्यांनी कार्ड हातात घेऊन बघितलं, "बरोबर आहे तुमचं" म्हणाले आणि समोरच लाल पेननं पुढच्या पेशंटच्या कार्डावर कन्नडमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलं. मी म्हटलं मराठीत पण लिहा, तर हसले आणि पेन माझ्याच हातात दिलं. लिहिलं मी.

खाण्याचं विचारतात लोक. पहिले दोन-तीन आठवडे तेल-तूप कमी, नंतर हळूहळू सगळं, जन्मभर पथ्य नाही. आमच्याकडं तिसऱ्या आठवड्यात पाहुणे कुंदा घेऊन आले, बायकोनं चार चमचे खाल्ला आणि दिवसभर बाथरूमला पळत होती. पित्त आता साठत नाही, थेंब थेंब आतड्यातच पडतं, एकदम तुपकट आलं तर काही दिवस असं होतं म्हणे. आता खाते, काही होत नाही.

बाकी किरकोळ, पार्किंगला जागा नाही, गाडी मागच्या गल्लीत लावा. कँटीनचा चहा घेऊ नका, कोपऱ्यावरच्या गाड्यावर घ्या. पिशवीचा तपासणीचा रिपोर्ट, म्हणजे आत दुसरं काही वाईट नाही ना त्याचा, डिस्चार्जनंतर आठवड्यानं येतो, ते फोन करत नाहीत, आपणच जाऊन लॅबच्या खिडकीतून घ्यायचा, पावती सोबत न्या, नाहीतर ओळखत असून पण देत नाहीत.